बाळंतपण गावात परत यावं का? आदिवासी स्त्रिया, सुईणी आणि मिडवाइफ

रानजाई

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात अगदी उत्तरेला नुनाविक हा इनुइट या आदिवासी लोकांचा प्रदेश आहे. १४ गावं, सगळी पाण्याकाठची, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही. जायचं तर विमानाने. १९८६ पर्यंत हडसन उपसागराच्या काठच्या गावांतल्या बाईचे दिवस भरत आले की तिला विमानात बसवून दक्षिणेला पाठवत. कधी मूस फॅक्टरी नावाच्या गावाला, कधी मॉन्ट्रियलला, म्हणजे हजाराहून जास्त किलोमीटरवर. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात निघायचं, तेही एकटीने. नवरा, आई, घरची लहान मुलं मागे. परक्या शहरात, जिथे आपली भाषा कुणाला येत नाही तिथे, कळा सुरू व्हायची वाट बघत राहायचं आणि बाळ झाल्यावर परतायचं.

हे सगळं सुरक्षिततेच्या नावाखाली चाललं होतं आणि त्यामागे वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण एका पिढीत गावातल्या गावात होणारे जन्म जवळजवळ थांबले. ज्या म्हाताऱ्या बायकांनी आयुष्यभर बाळंतपणं केली होती त्यांच्याकडून शिकायला कुणी उरलं नाही.

१९८०च्या दशकात पुविर्नितुक गावातल्या बायकांनी हे बदलायला लावलं. १९८६ साली इनुलित्सिव्हिक आरोग्यकेंद्रात प्रसूतिगृह सुरू झालं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षित मिडवाइफ (बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या बायका) आणि गावातल्याच इनुइट मुली-बायका एकत्र काम करू लागल्या, आणि शिकणं तिथेच, काम करता करता झालं. पुढे १९९८ला इनुकजुआक आणि २००४ला साल्लुइत या गावांतही प्रसूतिगृहं निघाली. क्यूबेकमध्ये मिडवाइफच्या व्यवसायाला कायद्याने मान्यता मिळाली १९९९ साली. म्हणजे या बायका कायद्याच्या १३ वर्षं पुढे होत्या.

२००० ते २००७ या काळातल्या तेराशेहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातल्या ८६ टक्के नुनाविकमध्येच झाल्या, आणि बहुतेक मिडवाइफच्या हातून. सिझरची सोय त्या किनाऱ्यावर नाही, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचा.

मला या मंचावरच्या मंडळींशी बोलायचंय ते याच्याविषयी. जगभरात आदिवासी स्त्रियांना दोनच पर्याय दिले जातात: गावात राहा आणि देवावर हवाला ठेवा, नाहीतर सगळं सोडून शहरातल्या दवाखान्यात जा. नुनाविकच्या बायकांनी तिसरा मार्ग काढला. माझ्या मते तोच योग्य आहे, आणि तो खर्चिक म्हणून नव्हे, तर ठरवण्याचा अधिकार सोडायची कुणाची तयारी नसते म्हणून अडतो.

विषुववृत्त

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे स्पष्ट विचारतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर धडधाकट बाईही दोन तासांत जाऊ शकते, आणि तो कुणाला होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. "कमी जोखमीची" म्हणून गावात ठेवलेल्या बाईला झाला तर काय? वार अडकली, बाळ आडवं आलं, नाळ आधी बाहेर आली तर? विमान वादळात उडत नाही. रक्तपेढी नाही, शस्त्रक्रियागृह नाही. ८६ टक्के हा आकडा चांगला आहे, पण उरलेल्या १४ टक्क्यांची निवड कोण करतं आणि कशावरून?

भावनेचा भाग मला समजतो. पण आई जगणं ही पहिली अट आहे.

रानजाई

विषुववृत्त, प्रश्न रास्त आहे आणि तिथल्या बायकांनीही तो विचारला होता. उत्तर म्हणजे त्यांची प्रसूतिसमिती. प्रत्येक गरोदर बाईचा विचार शेवटच्या तिमाहीत ही समिती करते. मिडवाइफ, डॉक्टर, नर्स एकत्र बसतात आणि बैठक मिडवाइफ चालवते. हिमोग्लोबिन, आधीची बाळंतपणं, रक्तदाब, बाळाची स्थिती हे सगळं समोर असतंच. पण त्याच्याच जोडीने दुसरंही मांडलं जातं: हिला दक्षिणेला पाठवलं तर घरच्या लेकरांना कोण बघेल, मागच्या वेळी एकटीने गेली तेव्हा तिचं काय झालं होतं, गावात ठेवली तर हवामान कसं असेल. जुळी, आधीचं सिझर, रक्तदाबाचा गंभीर त्रास असं काही असेल तर त्यावर वेगळी चर्चा होते आणि गरज असेल तिला पाठवतातच.

पाठवण्यातही धोका असतो हे तिथे उघडपणे मान्य केलं जातं. दूर पाठवलेली बाई तपासण्या टाळते, दिवस लपवते, उशिरा सांगते. हा धोका आपण तक्त्यात मांडत नाही, म्हणून तो शून्य धरला जातो.

काजवा

मी नर्स-मिडवाइफ म्हणून दुर्गम भागात काम केलंय, तेव्हा रक्तस्रावाविषयी थोडं लिहिते, कारण चर्चा बहुतेक वेळा इथेच अडते.

रक्तस्राव होऊ नये म्हणून बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत द्यायचं. हे प्रशिक्षित मिडवाइफ कुठेही देऊ शकते, त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही. अडचण औषध साठवण्याची. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि जिथे वीज दिवसदिवस नसते तिथे बाटलीत औषध असूनही त्याचा गुण गेलेला असतो. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या (प्रतिबंधासाठी तोंडाने ६०० मायक्रोग्रॅम) मोलाच्या आहेत, त्यांना थंडावा लागत नाही. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिनही आता आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली त्याची शिफारस केली.

दुसरं, रक्त किती गेलं याचा अंदाज नजरेने घेतला की तो जवळजवळ नेहमी कमी येतो. कपड्यात, चादरीत, जमिनीत मुरतं. मापाच्या खुणा असलेली, पिशवीसारखी प्लास्टिकची चादर बाईच्या खाली घातली की रक्त त्यात जमतं आणि धोका दहा-पंधरा मिनिटं आधी कळतो. तेवढ्या वेळात गर्भाशय चोळणं, औषध, सलाइन, लघवीची पिशवी रिकामी करणं हे सगळं सुरू करता येतं.

रक्त चढवावं लागलं तर गावात हात टेकावे लागतील, हे डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. पण तिथवर जाणाऱ्या बायकांची संख्या चांगली मिडवाइफ पुष्कळ कमी करते. आणि मी पाहिलेल्या बहुतेक वाईट केसेसमध्ये उशीर गाडीमुळे नव्हता. बाईने किंवा घरच्यांनी दवाखान्यात यायचं ठरवण्यातच वेळ गेला होता, कारण मागच्या खेपेला तिथे त्यांना वाईट वागवलं होतं.

तांबडफुटी

काजवाताईंच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहितेय. "वाईट वागवलं" याचा इतिहास फार काळा आहे आणि तो बाजूला ठेवून आदिवासी बायका दवाखान्यात का जात नाहीत यावर बोलता येत नाही.

अमेरिकेत आदिवासींसाठीच्या सरकारी 'इंडियन हेल्थ सर्व्हिस' या आरोग्यसेवेच्या १२ विभागांपैकी फक्त ४ विभागांच्या नोंदी तपासल्या, तर १९७३ ते १९७६ या काळात ३,४०६ नसबंदी शस्त्रक्रिया निघाल्या. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांचाच १९७६चा अहवाल आहे, आणि संमतीचे कागद नियमाप्रमाणे नव्हते हेही त्यात नोंदलंय. पेरूत १९९६ ते २००० या वर्षांत अडीच लाखांहून अधिक बायकांची नसबंदी झाली. त्यांत क्वेचुआ बोलणाऱ्या, डोंगरातल्या गरीब बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि आपल्याला धमकावून, फसवून किंवा न सांगताच हे केलं असं त्यांतल्या हजारोंनी पुढे सांगितलं. ग्रीनलंडमध्ये १९६६ ते १९७० या काळात डेन्मार्कच्या डॉक्टरांनी सुमारे ४,५०० इनुइट स्त्रियांच्या गर्भाशयात गर्भनिरोधक साधन बसवलं. कित्येकींना विचारलंही नव्हतं, त्यांत शाळकरी मुलीही होत्या. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०२५ साली.

आणि हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणू नये. कॅनडात सॅस्कटूनच्या रुग्णालयांत बाळंत होताना आपल्यावर नसबंदीसाठी दबाव आणला, असं आदिवासी स्त्रियांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितलं. चौकशी झाली, २०१७ला अहवाल आला, आरोग्य विभागाने माफी मागितली.

ज्या आजीची नसबंदी तिला न विचारता झाली ती नातीला कळा सुरू झाल्यावर काय सांगेल? तिथे जाऊ नकोस म्हणेल. तिला अडाणी म्हणायचा हक्क कुणाला नाही.

विषुववृत्त

तांबडफुटी, हे आकडे वाचून स्वस्थ बसवत नाही. वैद्यकीय शिक्षणात संमतीचा धडा असतो, पण कुणाकुणाच्या शरीरावर तो मोडला गेला हे शिकवत नाहीत.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. विश्वास तुटलाय म्हणून दवाखान्याला पर्याय शोधायचा की दवाखानाच बदलायचा? दवाखाना बदलून काही झाल्याचं उदाहरण आहे का कुणाकडे?

उत्तरायण

आहे, आणि पेरूतलंच आहे. आयाकूचो भागात सांतियाना हा क्वेचुआ लोकांचा जिल्हा. १९९९ साली तिथे आरोग्यकेंद्रात होणारी बाळंतपणं होती ६ टक्के. बायकांना विचारलं, का येत नाही? उत्तरं साधी होती. उताणं झोपवतात. कपडे काढायला लावतात. थंडगार खोलीत ठेवतात. नवऱ्याला आणि सुईणीला बाहेर काढतात. आमची भाषा बोलत नाहीत. वार टाकून देतात, आम्हाला ती पुरायची असते.

मग केंद्रानेच रीत बदलली. उकिडवं बसून किंवा धरून उभं राहून बाळंत होता यावं म्हणून दोर आणि बाक ठेवले. घरचं माणूस आत. सुईण सोबत. क्वेचुआ बोलणारे कर्मचारी. वार घरच्यांच्या हाती. २००७ पर्यंत त्या जिल्ह्यातली केंद्रातली बाळंतपणं ८३ टक्क्यांवर गेली. मधल्या काळात, २००५ साली, पेरू सरकारने बसून-उभ्याने बाळंतपण करण्याची पद्धत देशाच्या नियमांत आणली.

या यादीतलं एकही मागणं वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचं नव्हतं. उभ्याने किंवा उकिडवं बसून कळा देणं शरीराला सोपंच जातं. उताणं झोपवणं ही तपासणाऱ्याची सोय आहे.

काजवा

+१. उकिडवं बसलेल्या बाईचं बाळंतपण करायचं तर आपल्याला जमिनीवर बसावं लागतं. मी बसलेय. गुडघे दुखतात, पण टाके घालायची वेळ कमी येते हा माझा अनुभव.

नीलमोहर

आपल्याकडचं कुणी लिहील म्हणून थांबले होते. गडचिरोलीचा उल्लेख व्हायलाच हवा.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा आजार होता. आणि आधी कधीतरी आतली तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के. तोवर जगभर गरीब देशांतल्या बाईच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, बस्स. अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटातलं दुखणं, मूल न होणं हे सगळं बायका मुकाट्याने सोसत होत्या आणि ते सांगायला कुणी बाई नव्हती.

म्हणून या धाग्याला माझी एक जोड. गावातली मिडवाइफ फक्त बाळंतपणापुरती धरू नका. बाळंतपण बाईच्या आयुष्यात दोनदा-तीनदा. पाळी, गर्भनिरोधन, गर्भपात, संसर्ग, पुढे पाळी जाणं, गर्भाशयमुखाचा कॅन्सर हे सगळं आयुष्यभर. न्यूझीलंडने सप्टेंबर २०२३पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीत बाईला स्वतःचा नमुना स्वतः घ्यायची सोय दिली. आतली तपासणी नको म्हणून दूर राहणाऱ्या माओरी स्त्रियांसाठी हा बदल फार मोलाचा आहे.

दुसरं, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडच्या बऱ्याच आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. सिकलसेल असलेल्या बाईचं गरोदरपण जोखमीचं असतं, तिचं बाळंतपण रुग्णालयातच व्हायला हवं. गावातल्या मिडवाइफला हे ओळखता आलं पाहिजे आणि ती वेळेत पाठवू शकली पाहिजे. गावात बाळंतपण याचा अर्थ प्रत्येकीचं गावात असा घेऊ नये.

रानजाई

नीलमोहर, मी धागा बाळंतपणापाशी आखडता घेतला होता, तो तुम्ही मोकळा केलात. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' योजना आहे. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूल आणता येतं. कॅनडाच्या सरकारी आरोग्यलाभ योजनेत प्रत्येक गरोदर आदिवासी स्त्रीसोबत एका माणसाचा खर्च द्यायचं ठरलं ते २०१७ साली. तोवर बहुतेकींना एकटीनेच जावं लागायचं. सोबतीचं माणूस हा चैनीचा भाग नव्हे. कळांमध्ये सतत कुणीतरी जवळ असेल तर सिझरचं प्रमाण कमी होतं हे संशोधनाने वारंवार दिसलंय.

मोहाची सावली

मी आदिवासी कुटुंबातली आहे. माझी आजी सुईण होती, म्हणून लिहावंसं वाटलं.

तुमच्या चर्चेत "प्रशिक्षित मिडवाइफ" आणि "जुनी सुईण" अशी दोन माणसं आहेत आणि दुसरीचं पुढे काय होतं यावर कुणी लिहिलं नाही. आधी सरकार सुईणींना बोलावून शिकवायचं, पेटी द्यायचं. स्वच्छ ब्लेड, दोरा, साबण. मग १९९०च्या दशकात जगभर धोरण फिरलं: सुईणींच्या प्रशिक्षणाने मातामृत्यू पुरेसे घटत नाहीत, पैसा कुशल प्रसूतीसेवकांवर घाला. आपल्याकडे २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होणारीला पैसे मिळू लागले. मातामृत्यू कमी झाले, ते मला हवंच होतं. पण आजीला कुणी येऊन सांगितलं नाही की आता तुझं काम काय. ती दवाखान्याच्या दारापर्यंत बाईला घेऊन जायची आणि तिला बाहेर बसवायचे. आतली नर्स माझ्या वयाची. आजीला विचारलं असतं तर त्या बाईला आधी किती वेळा दिवस जाऊन गेले, नवरा मारतो का, ती उपाशी आहे का, हे सगळं तिने सांगितलं असतं.

नाळ कापायच्या आधीच्या आणि नंतरच्या कित्येक गोष्टी तिला येत होत्या. आकडी आलेल्या बाईला मात्र ती वाचवू शकली नसती. दोन्ही खरं आहे.

तांबडफुटी

सावली, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

ग्वाटेमालात माया समाजाच्या सुईणी, कोमाद्रोना, आजही खेड्यांतल्या बाळंतपणांचा मोठा भार उचलतात. त्यांच्याही हेच वाट्याला यायचं: रुग्णाला आणायचं आणि दाराबाहेर थांबायचं. संघटना बांधून त्यांनी मागण्या लावून धरल्या आणि २०१५ साली सरकारने कोमाद्रोनांविषयी राष्ट्रीय धोरण काढलं. धोरणाने सगळं बदललं असं नाही, पण आरोग्यखात्याशी बोलताना हातात सरकारी कागद असणं यालाही अर्थ आहे.

कायद्याचं दुसरं उदाहरण कॅनडाचा ओंटारिओ प्रांत. १९९१च्या मिडवाइफरी कायद्यात आदिवासी समाजात काम करणाऱ्या आदिवासी मिडवाइफना सूट आहे. त्यांना प्रांताच्या परिषदेकडे नोंदणीची सक्ती नाही, त्यांचा समाजच त्यांना उत्तरदायी धरतो. त्याच आधारावर तिथल्या सिक्स नेशन्स या आदिवासी समाजाने १९९६ साली स्वतःचं प्रसूतिकेंद्र आणि स्वतःचं प्रशिक्षण सुरू केलं.

विषुववृत्त

कायद्यातून सूट हा प्रकार मला अस्वस्थ करतो. चूक झाली तर दाद कुठे मागायची? माझ्या चुकीबद्दल वैद्यक परिषद मला जाब विचारू शकते. आदिवासी बाईलाही तोच हक्क हवा, कमी नको.

रानजाई

हक्क कमी नकोच. पण परिषदेपर्यंत तक्रार घेऊन किती आदिवासी बायका पोचल्या? तांबडफुटींनी दिलेल्या सगळ्या प्रकरणांत नोंदणीकृत डॉक्टरच होते आणि जाब विचारायला दशकं गेली. सिक्स नेशन्समध्ये मिडवाइफ ज्या बाईचं बाळंतपण करते तिच्या आईला, मावशीला, शेजारणीला रोज तोंड देते. मला दोन्ही हवं: समाजापुढची जबाबदारीही आणि प्रत्येक मृत्यूची, प्रत्येक उशिराची लेखी छाननीही. नुनाविकमध्ये नोंदी ठेवल्या, त्या तपासू दिल्या, म्हणून आज आपण त्यांच्यावर बोलू शकतोय.

उत्तरायण

शहरातल्या आदिवासी स्त्रियांचंही एक सांगतो, कारण सगळ्या काही दुर्गम भागात राहत नाहीत. ब्रिस्बेनमध्ये २०१३पासून आदिवासींच्या दोन आरोग्यसंस्था आणि एक मोठं प्रसूती रुग्णालय मिळून एक कार्यक्रम चालवतात. गरोदरपणापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत एकीला एकच मिडवाइफ, फोन केला की तीच उचलते. सोबत आदिवासी कुटुंबसेविका, आणि वस्तीत केंद्र. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच होतं, म्हणजे विषुववृत्त यांची अट पूर्ण. तरी नेहमीच्या सेवेच्या तुलनेत दिवस भरण्याआधी बाळ होण्याची शक्यता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळली. यंत्रं तीच, इमारत तीच. फरक ओळखीच्या माणसाचा आणि कार्यक्रम कुणाच्या ताब्यात आहे याचा.

विषुववृत्त

हे मला पटतं. मुदतीआधीचा जन्म कमी करणं औषधांनी फार थोडं साधतं, त्यामुळे हा परिणाम मोठाच म्हणायला हवा.

मग माझ्या बाजूने मांडतो. गावात बाळंतपण व्हायचं असेल तर मला चार गोष्टी दिसायला हव्यात: रक्तस्राव आणि आकडी हाताळू शकणारी, मॅग्नेशियम सल्फेट (आकडीवरचं औषध) द्यायला शिकलेली मिडवाइफ, रात्रीही उचलला जाणारा फोन, ठरलेलं वाहन, आणि पाठवलेल्या बाईला दारात न अडवणारं रुग्णालय. यातली शेवटची आम्हा डॉक्टरांच्या हातात आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

मोहाची सावली

पाचवी माझी. बाईसोबत आलेल्या सुईणीला आत घ्या आणि केसपेपरवर तिचं म्हणणं लिहा.

विषुववृत्त

मान्य. केसपेपरवर तशी जागा नाही, पण लिहिता येईल. माझ्या वॉर्डात सुरू करतो.

काजवा

आणि शिकवण्याविषयी राहिलं होतं. भारतात २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नर्सना मिडवाइफरीचं १८ महिन्यांचं स्वतंत्र प्रशिक्षण आहे. पण त्यासाठी आधी नर्सिंग हवं. ज्या पाड्यातली मुलगी दहावीलाच शाळा सोडते ती तिथवर पोचणार कशी? नुनाविकमध्ये मुली आपल्या गावात राहून, आपल्या भाषेत, काम करत शिकल्या. वर्षं जास्त लागली, पण शिकलेल्या बाईने गाव सोडलं नाही. आपल्याकडे आरोग्यदूतांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले होते. फार शिकलेल्या बायका नव्हत्या त्या. सावली, तुमच्या भागातल्या कुणी मुली शिकायला तयार असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. प्रवेशाच्या अटी आणि वसतिगृहाचं मी बघून देते.

मोहाची सावली

दोघी आहेत. एक बारावी झालीय, दुसरीचं लग्न ठरतंय, तिच्या आईशी आधी बोलावं लागेल. निरोप केलाय.